सहीआधीचं प्लास्टिक

मी एक पिवळा कागद बोलतोय. बोलायची हौस नव्हती मला. कागद वाचला जावा, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. ती तुमच्याच्यानं पुरी झाली नाही, म्हणून आता ऐका. आणि आधीच सांगून ठेवतो, माणसांबद्दल माझ्याकडे फारसं प्रेम शिल्लक नाही. दोन बायका सोडल्या तर.

एका छापखान्यात शंभर भावंडांच्या गठ्ठ्यात माझा जन्म झाला. रंग पिवळा, कारण घाईच्या वेळी मी पटकन नजरेला पडावा. माझ्या माथ्यावर छापलंय, 'माझ्या शेवटच्या दिवसांत माझी काळजी अशी घ्यावी'. त्याखाली रेघा. रेघांखाली दोन चौकटी. डावीकडची ज्याचे दिवस आहेत त्याच्या सहीची, उजवीकडची डॉक्टरांच्या सहीची. ही उजवी चौकट भरेपर्यंत मी नुसता निबंध असतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ या चौकटीचाच आहे.

छापखान्यातून मी आलो तो एका वृद्धाश्रमाच्या कचेरीत. तिथल्या लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आमचा गठ्ठा दोन वर्षं पडून होता. पटकन सापडावा म्हणून पिवळा केलेला कागद कुलपात ठेवणाऱ्यांना काय म्हणावं ते मला छापलेल्या भाषेत सांगता येत नाही.

कपाटातून मला सगळं ऐकू यायचं. नवीन म्हातारं माणूस दाखल करायला नातेवाईक येत. किती प्रश्न विचारत. गरम पाणी दिवसभर असतं का, टीव्हीचा आवाज दुसऱ्या खोलीत जातो का, खिडकीला जाळी आहे का, कपड्यांवर नंबर घालता की नाव. मग मेट्रनबाई म्हणत, "आणि तो एक पिवळा फॉर्म असतो. शेवटच्या काळजीचा. भरायचाय का आत्ता?"

लगेच खुर्च्या मागे सरकत. "नंतर बघू हो. आत्ताच कशाला तसलं काही."

"तसलं काही" म्हणजे मी. मेट्रनबाईंनाही सुटल्यासारखं वाटे. माझ्या एका भावंडाची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातली होती. त्या भावंडाचा निदान कुणाला तरी आधार होता.

मग चार नंबरच्या खोलीत शिवणबाई आल्या.

साठ वर्षं मशीनवर बसून पाठीला बाक आलेला, उजव्या अंगठ्याची कातडी टोपण घातल्यासारखी जाड. खोलीत आल्या आल्या त्यांनी पडद्याची दुमड उलटून बघितली आणि म्हणाल्या, "कुणी शिवलाय हा? ओढून घेतलाय नुसता." स्वतःचा शिवणाचा डबा त्यांनी उशाशी ठेवून घेतला. आणि तिसऱ्या दिवशी कचेरीत येऊन, चहा मागावा तितक्या सहज, मला मागितलं.

मेट्रनबाई गडबडल्या. "अहो, तुम्ही चांगल्या हिंडत्या-फिरत्या आहात."

"म्हणूनच आले. निजल्यावर कोण येणार कचेरीत?"

मागण्यामागचं कारण मला नंतर कळलं. त्यांचा नवरा हॉस्पिटलात चौदा दिवस होता. नाकात नळी, आणि ती ओढून काढू नये म्हणून दोन्ही हात पलंगाच्या कडेला बांधलेले. दोरीनं नाही, बँडेजनं. मऊ असतं, असं सांगितलं होतं त्यांना. चौदाही दिवस तो माणूस आपले हात कुणी धरून ठेवलेत हे शोधत होता.

मला भरायचा दिवस रविवार होता. मुलगा, नातू आणि नातसून भेटायला आले होते. नातसून घरात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. अजून कुठल्या खुर्चीवर बसायचं याचा अंदाज घेत उभी असायची. शिवणबाईंनी माझा विषय काढला तसा मुलगा उठला. "आई, तो नळ अजून गळतोय का गं? बघतो." आणि बाथरूममध्ये गेला. आईनं अवघड बोलायला तोंड उघडलं की याला नळ आठवायचा. तो नळ त्यानं तोवर पाच वेळा दुरुस्त केला होता, म्हणूनच गळत होता. नातू मोबाइलमध्ये होता. उरली ती एकटी.

"अक्षर कसं आहे गं तुझं?" शिवणबाईंनी विचारलं.

"बरं आहे."

"म्हणजे चांगलं असणार. ज्यांचं वाईट असतं ते छान म्हणतात. बस. लिही. नळी नको. घशातनं नको, नाकातनं पण नको."

"नाकातून, असं लिहू का आजी?"

"मी म्हणते तसं लिही. नाकातनं."

तिनं तसंच लिहिलं. सरळ, गोल, कुठेही खाडाखोड नाही. दुसरी ओळ, मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं नाही, इथंच या खिडकीपाशी ठेवायचं. तिसरी, दुखलं तर औषध द्यायचं, त्यात कंजुषी करायची नाही, ओठ ओले करत राहायचं. चौथी ओळ शिवणबाईंनी स्वतःच्या हातांकडे बघत सांगितली. "हात बांधायचे नाहीत. मोकळे ठेवायचे. यांचे बांधले होते."

नातसुनेचं पेन तिथं अडखळलं, पण तिनं लिहिलं. मग हळूच विचारलं, "पण आजी, डॉक्टर म्हणाले की नळीनं बरं वाटेल, तर?"

"कापड दमाचं असेल तर उसवलेलं शिवता येतं. विरलेल्या कापडाला टाका घाल, टाक्यापासूनच फाटतं. मी विरलेय पोरी."

"बाबांना सांगितलंत हे?"

बाथरूममधून पान्याचा आवाज येत होता. शिवणबाईंनी तिकडे मान वळवली. "ऐकतोयस ना, सांगतेच आहे."

मग डाव्या चौकटीत त्यांनी सही केली. बारीक, एकसारखी, टिपेसारखी सही. इतक्या मानानं मला आजवर कुणी वागवलं नव्हतं. तासाभरातच त्याची भरपाई झाली.

मेट्रनबाईंच्या टेबलावर लॅमिनेशनचं मशीन होतं. त्यांना त्याचं वेड होतं. 'हात धुवा' लॅमिनेट, वाढदिवसांची यादी लॅमिनेट, आठवड्याचं जेवणाचं पत्रकसुद्धा लॅमिनेट, त्यामुळे दर मंगळवारी टोमॅटोचं सूप अटळ झालं होतं. म्हातारी मंडळी एकमेकांना बजावत, "बाईंसमोर फार वेळ गप्प बसू नका, प्लास्टिकमध्ये घालतील."

मला हातात घेऊन त्या म्हणाल्या, "किती छान लिहिलंय. चहाबिहा सांडायचा." आणि घातलं मला मशीनमध्ये. उजवी चौकट रिकामी असताना. डॉक्टरांची सही व्हायची असताना. वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एवढं सुचू नये? बरं, दुष्टपणा असता तर मी समजून घेतलं असतं. पण त्यांना माझी काळजी वाटली होती. काळजीपोटी माणसं जे करतात त्याला दाद कुठे मागायची?

त्यात घाई. मशीनचा हिरवा दिवा लागायची वाटही बघितली नाही. मी आत ओढला गेलो, वरून खालून गरम झालो, जीव गुदमरला. पण मशीन पुरतं तापलेलं नव्हतं, म्हणून खाली उजव्या कोपऱ्यात प्लास्टिक चिकटलंच नाही. नेमका डॉक्टरांच्या चौकटीवर हवेचा एक फुगा राहिला.

मला चार नंबरच्या दाराआड खिळ्याला टांगलं. पुढच्या रविवारी शिवणबाईंनी माझ्यावरून अंगठा फिरवला, फुग्याशी आल्यावर थांबल्या आणि नातसुनेला म्हणाल्या, "हे बघ, इथं अस्तर धरलं नाहीये. घाईची शिलाई." तिनंही बोट लावून पाहिलं. दोघी हसल्या. मला तेव्हा राग आला होता.

डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे. तासाभरात चोवीस खोल्या. त्यांनी पेन टेकवलं ते बर्फावरून घसरावं तसं घसरलं. "अहो, यावर सही कशी करणार मी? नवा भरून ठेवा, पुढच्या गुरुवारी करतो."

"हो डॉक्टर," मेट्रनबाई म्हणाल्या. पण नवा फॉर्म काढायला त्यांना मुलगा समोर हवा होता. उगाच मागून कुणी बोलायला नको. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "घाई काय आहे? आई ठणठणीत आहे." नातसून एकदा स्वतः कचेरीत गेली. "मी लिहून देते ना. मीही घरचीच आहे."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोठ्यांना येऊ द्या."

पुढचे तीन गुरुवार मी दाराआडून एकच संवाद ऐकला. शिवणबाई विचारायच्या, "डॉक्टर, सहीचं काय झालं? मला नळी नकोय, तुम्हाला ठाऊक आहे ना?" आणि डॉक्टर नाडी बघता बघता म्हणायचे, "ठाऊक आहे आजी. पुढच्या गुरुवारी." चौकट होती दोन बोटं रुंद. तिच्यासाठी एका शहाण्या माणसाला तीन आठवडे पुरले नाहीत.

चौथ्या आठवड्यात गुरुवार उजाडायच्या आधी बुधवार आला. सकाळी चहा पिताना शिवणबाईंच्या हातातून कप सुटला. डावं अंग गेलं, वाचा गेली. मेट्रनबाईंनी धावपळ केली, नियमाप्रमाणे ॲम्ब्युलन्स बोलावली, घरी फोन केला. ॲम्ब्युलन्सवाल्याची नजर माझ्यावर पडली. मी पिवळा आहे हे लक्षात आलेला तो पहिला माणूस. त्यानं मला वरपासून खालपर्यंत वाचलं.

"बाई, यावर डॉक्टरांची सही कुठे आहे?"

"व्हायची आहे."

"मग मला न्यावं लागेल. माझा इलाज नाही."

तेवढ्यात घरचे आले. नातसून स्ट्रेचरच्या आडवी आल्यासारखी उभी राहिली. "बाबा, आजींना हॉस्पिटलात जायचं नव्हतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलंय."

"तू कालची आलेली," सासरे म्हणाले. "आमच्या घरातलं तुला काय कळतंय? हो बाजूला."

नातू आपल्या बुटांकडे बघत होता. तो मुलगा अडचणीच्या वेळी नेहमी बुटांकडे बघतो. बहुधा बूट फार चांगले आहेत.

ती बाजूला झाली. पण खोली रिकामी झाल्यावर तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि पर्समध्ये घातलं. शिवणाचा डबाही उचलला. सासरी आल्यापासूनची तिची ही पहिली चोरी.

हॉस्पिटलातले दिवस मी कंगवा आणि किल्ल्यांच्या शेजारी काढले. पर्सच्या चेनमधून आवाज येत होते. दूरगावी असलेली शिवणबाईंची लेक फोनवर होती. "दादा, सगळं करायला सांग. काही कमी पडू देऊ नकोस. उद्या मला कुणी बोलायला नको." असं म्हणून ती रडली. खोटं रडत नव्हती, ते मी कबूल करतो. पण 'आईला काय हवंय' हा प्रश्न तिनं विचारला नाही, आणि तिच्या दादानंही नाही. त्यानं रोज पायाशी उभं राहून यंत्रावरचे आकडे विचारले. त्याच्यासाठी ते आकडे म्हणजे आणखी एक नळच होता.

तिसऱ्या दिवशी नाकातनं नळी घातली. शिवणबाईंनी उजव्या हातानं ती दोनदा ओढून काढली. पाचव्या दिवशी हात बांधले.

"मऊ आहे हो," सिस्टर म्हणाली.

तेव्हा पर्सची चेन उघडली. नातसुनेनं मला चादरीवर ठेवलं, बांधलेल्या हाताच्या शेजारी.

"पुन्हा तो कागद?" सासऱ्यांचा आवाज चढला. "मी माझ्या आईला उपाशी मारू, असं म्हणणं आहे का तुझं? बोल ना. सगळ्यांसमोर बोल."

"माझं काही म्हणणं नाही बाबा." तिनं माझ्यावर बोट टेकवलं. "ही चौथी ओळ तेवढी वाचा. मी वाचत नाही, तुम्हीच वाचा."

चष्मा घरी राहिला होता. त्यांनी मला हातभर लांब धरलं. 'हात बांधायचे नाहीत. मोकळे ठेवायचे. यांचे बांधले होते.' मला धरलेली बोटं गार पडलेली मला प्लास्टिकमधूनही कळली. बापाचे हात बांधायची परवानगी देणारी सही तेव्हा याच बोटांनी केली होती. ते या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. शिवणबाईंनीही नाही.

मला परत चादरीवर ठेवून ते म्हणाले, "सिस्टर, हे सोडा."

"सोडलं की त्या नळी काढतात काका. दोनदा काढलीये."

इथं तो माणूस नळ शोधेल असं मला वाटलं होतं. तो पलंगाची कड धरून उभा राहिला.

"मग काढू दे," तो म्हणाला.

शिवणबाईंनी काढली. कच्चा दोरा खेचून काढावा तशी, एका ओढीत.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी समजावलं, नीट समजावलं, सह्या घेतल्या आणि तीन दिवसांनी, बुधवारी, परत न्यायची परवानगी दिली. आता अडवलं ते आश्रमानं. मेट्रनबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्या डॉक्टरांच्या सहीशिवाय मी ठेवून घेतलं, तर श्वास जरा वर-खाली झाला की मला पुन्हा ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल. नियम आहे. आणि नव्या फॉर्मवर त्यांची स्वतःची सही लागते."

शिवणबाईंची शुद्ध हरपत चालली होती, हातात आता सही उरली नव्हती. त्यांची एकुलती एक सही माझ्या डाव्या चौकटीत होती, प्लास्टिकखाली. म्हणजे मीच चालायला हवा होतो, दुसरा कुणी चालणार नव्हता.

दुसरा दिवस गुरुवार. कचेरीत डॉक्टर उभे, घड्याळात बघत. मुलगा खुर्चीत. नातसुनेनं मला टेबलावर सपाट ठेवलं, अंगठा फिरवला आणि फुग्याशी थांबली. मग शिवणाच्या डब्यातून टाके उसवायचं दोन टोकांचं छोटं हत्यार काढलं.

"अहो, काय करताय? खराब होईल तो," मेट्रनबाई पुढे आल्या.

"झालाय," ती म्हणाली.

जिथं अस्तर धरलं नव्हतं तिथं तिनं टोक खुपसलं. वर, आडवं, खाली, पुन्हा आडवं. प्लास्टिकचा एवढासा तुकडा बाजूला पडला. महिन्याभरानं मला हवा लागली. आत कागदावर ओरखडासुद्धा नव्हता.

डॉक्टरांनी पेन काढलं आणि थांबले. "पण आज त्या शुद्धीत नाहीत. मी कशाच्या आधारावर..."

"तीन गुरुवार त्या शुद्धीत होत्या डॉक्टर."

एवढंच म्हणाली. मेट्रनबाईंनी मशीनवरची धूळ झटकायला घेतली. डॉक्टरांचे कान लाल झालेले मी खालून पाहिले. त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "करा." सही करायला चार सेकंद लागले. मी मोजले.

शिवणबाई खिडकीपाशी आल्या. चार दिवस होत्या. दुखण्याचं औषध वेळेवर मिळालं, ओठ ओले राहिले. हात चादरीवर मोकळे होते आणि उजवा अंगठा चादरीची दुमड तपासत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रविवारी दुपारी तो मधेच थांबला. मुलानं दुसरा हात धरला होता. बाथरूममधला नळ चांगला टपटपत होता. तो उठला नाही.

इथं तुम्ही डोळे पुसाल आणि सगळं गोड झालं म्हणाल, तर मला वाचू नका. लेक भावाशी बोलत नाही. नातसुनेचा उल्लेख ती 'ती' असा करते. नातू बूट बघतो. मला परत द्यायला नातसून कचेरीत आली होती तेव्हा तिच्यासोबत कुणीही नव्हतं. तिनं मला टेबलावर ठेवताना कापलेल्या चौकटीवरून एकदा बोट फिरवलं आणि गेली.

आणि मेट्रनबाईंनी काय केलं असेल? मला पुन्हा मशीनमध्ये घातलं. "बघा, असा भरायचा असतो," म्हणून नमुना केला माझा. शिवणबाईंच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली आणि कचेरीच्या भिंतीवर, सूपवाल्या पत्रकाशेजारी टांगलं. या वेळी मात्र हिरवा दिवा लागेपर्यंत वाट पाहिली. एकही फुगा नाही. श्वास घ्यायलाही जागा नाही.

तुम्ही येता, नवीन माणूस घेऊन. गरम पाण्याचं विचारता. मला बघता. "छान लिहिलंय हो," म्हणता. आणि मग खुर्ची मागे सरकवत म्हणता, "नंतर बघू."

भिंतीवरून मला खालचं कपाट दिसतं. सर्वांत खालच्या कप्प्यात माझी नव्वदेक भावंडं अजून कोरी आहेत. किल्ली मेट्रनबाईंच्या पहिल्या खणात असते. माझं कौतुक नको. ज्याचे दिवस आहेत त्याला विचारा, तो बोलतो आहे तोवर विचारा. येताना पेन घेऊन या, आणि दोन्ही चौकटी भरेपर्यंत त्या बाईंना मशीन चालू करू देऊ नका.